सहा पैसे सरकारचे, चार पैसे गावाचे

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सुकडी आठवत असेल. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी तेव्हा पाचवीत होतो. मधल्या सुट्टीत शाळेच्या ओसरीवर पातेले यायचे आणि मास्तर पत्र्याच्या मापाने ती तांबूस, गोडसर भुकटी प्रत्येकाच्या ओंजळीत टाकायचे. वडील प्राथमिक शिक्षक, त्यांचा पगार चालू, त्यामुळे घरात दोन वेळची भाकरी होती. सुकडी ही माझ्या लेखी चैन होती. माझ्या शेजारी बसणारा मुलगा मात्र तिला तोंड लावत नसे. चड्डीच्या खिशात भरून तो ती धाकट्या बहिणीसाठी घरी नेई. पुढे पाऊस झाला, सुकडी बंद झाली आणि तोही शाळेत यायचा थांबला. एका बागाईतदाराची गुरे राखायला लागला. वडील दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. घरची माणसे शिक्षणाच्या विरोधात नव्हती. दोन्ही वेळा त्यांनी वडिलांना घोंगडीवर बसवले, पाणी दिले, आणि मुलाला पाठवले नाही. बागाईतदार त्याला दुपारची भाकरी देत असे. मुलगा शाळेत गेला तर खाणारे एक तोंड घरात राहणार, गुरांमागे गेला तर ते मालकाकडे जाणार, एवढा साधा हिशेब होता.

मी पुढे बँकेत लागलो. हिशेब हेच पोटापाण्याचे साधन झाले, पण हा हिशेब मला नीट उमगला तो सोळा वर्षांनंतर आणि तोही पार दुसऱ्या मुलखात. १९८८ साली बँकेने माझी बदली तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे, कोविलपट्टीजवळच्या एका शाखेत केली. भाषा येत नाही, सांबारात भात की भातात सांबार हे कळत नाही, आणि ऊन असे की दुपारी रस्त्यावर कुत्रेदेखील दिसू नये. त्या गावातल्या चहाच्या दुकानात, न्हाव्याकडे, किराणा दुकानात, जिथे जावे तिथे एक तसबीर टांगलेली असे. उंच, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, मिशा. कामराज. त्यांना जाऊन तेव्हा तेरा वर्षे झाली होती. आमच्याकडे त्यांचे नाव कामराज योजनेमुळे माहीत, दिल्लीत पंतप्रधान ठरवणारा माणूस म्हणून माहीत. चहावाल्याला त्या योजनेचे काही देणेघेणे नव्हते. त्याने मला खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत समजावले की हा माणूस शाळेत जेवण घालत असे आणि ते जेवण तो स्वतः जेवला आहे.

कामराजांचे गाव विरुधुनगर आमच्या शाखेपासून एसटीने, म्हणजे तिकडच्या सरकारी बसने, फार लांब नव्हते. त्या दोन वर्षांत मी तिथे अनेकदा गेलो. तेल, डाळी, मिरची यांच्या व्यापाराचे हे गाव. १५ जुलै १९०३ रोजी तिथल्या एका नाडर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ताडाच्या झाडावर चढून ताडी काढणे हा या जातीचा परंपरागत धंदा. त्यामुळे देवळात प्रवेश नाही, काही ठिकाणी रस्त्यावरूनही चालायची चोरी. विरुधुनगरचे नाडर मात्र व्यापारात शिरले होते आणि त्यांनी स्वतःपुरती एक विलक्षण व्यवस्था उभी केली होती. व्यापाराच्या उलाढालीवर ते आपणच आपल्यावर एक छोटा कर बसवत. त्याला महिमै म्हणत. त्यातून विहिरी खोदल्या, देवळे बांधली, शाळा काढल्या. ज्या क्षत्रिय विद्याशाळेत कामराज शिकले तिच्यासाठी घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवायची रीत होती. तिचे नाव पिडी अरिसी, म्हणजे मूठभर तांदूळ. हे ऐकल्यावर मला आपल्याकडचा मुष्टिफंड आठवला. गोव्यात तर त्या नावाची शिक्षणसंस्थाच आहे. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने विकले, हेही आठवले.

सोन्याचा विषय निघालाच आहे. कामराजांचे वडील कुमारस्वामी नारळाचे व्यापारी. मुलगा सहा वर्षांचा असताना ते वारले. आई शिवकामी अम्माळ हिच्या पदरी हा मुलगा, एक मुलगी आणि घरातली वडीलधारी माणसे. तिने कानातल्या कुड्या सोडून आपले दागिने विकले, आलेले पैसे गावातल्या एका व्यापाऱ्याकडे ठेवले आणि त्याच्या महिन्याच्या व्याजावर घर चालवले. मी बँकेतला माणूस, त्यामुळे कामराजांच्या चरित्रातली ही बाब माझ्या मनात इतर कशाहीपेक्षा घट्ट बसली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज येईल तेवढ्यात भागवायचे. शहाणी बाई. पण ठेव लहान, व्याज लहान, आणि त्यात भातावर सांबार येत असले तरी मुलाची शाळा येत नव्हती. बारा वर्षांच्या आसपास मुलगा शाळेतून निघाला आणि मामाच्या कापडदुकानात गजपट्टी घेऊन उभा राहिला. शिवकामी अम्माळच्या हातात त्या वेळी दरमहा मुलापोटी चार रुपये जादा पडले असते, किंवा मुलाचे एक वेळचे जेवण शाळेत झाले असते, तर काय झाले असते? कदाचित विरुधुनगरला एक बऱ्यापैकी वकील मिळाला असता आणि देशाला कामराज मिळाले नसते. असो. जर-तरचे हिशेब बँकेतही कोणी मान्य करत नाही.

राजकारणात ते कसे आले हे थोडक्यात सांगतो, कारण तो भाग अनेकांना माहीत आहे. जालियनवाला बागेच्या बातमीने दुकानातला पोरगा पेटला. वरदराजुलू नायडूंची भाषणे ऐकत हिंडू लागला. घरच्यांनी त्याला वळणावर आणण्यासाठी तिरुवनंतपुरमला दुसऱ्या मामाच्या लाकडाच्या वखारीत पाठवले, तर तिकडे जवळच वायकोमचा सत्याग्रह चाललेला. तो तिथे पोचला. त्याच सुमारास, १९२४-२५ मध्ये, तमिळ काँग्रेसमध्ये एक मोठे वादळ उठले होते. चेरनमहादेवी या गावी काँग्रेसच्या मदतीने चालणाऱ्या एका गुरुकुलात ब्राह्मण मुलांची पंगत वेगळी बसवत. नायडू आणि पेरियार यांनी त्यावर रान उठवले. पंगत हा शब्द आपल्यालाही परका नाही. मुलांनी कुणाशेजारी बसून जेवायचे या प्रश्नावरून एका प्रांताचे राजकारण उलटेपालटे होऊ शकते, हे कामराजांनी विशीत पाहिले.

मग तुरुंग. मिठाचा सत्याग्रह, वैयक्तिक सत्याग्रह, चले जाव. सगळी मिळून आठ-नऊ वर्षे गजाआड गेली. १९४१ मध्ये ते तुरुंगात असतानाच विरुधुनगरच्या नगराध्यक्षपदी निवडून आले. सुटल्यावर सभेला गेले आणि पूर्ण वेळ देता येणार नाही म्हणून राजीनामा देऊन बाहेर पडले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून परतताना पोलीस मद्रासच्या स्टेशनात वाट पाहत असतील हे ओळखून ते आधीच अरक्कोणमला उतरले, गावोगाव निरोप पोचवले आणि काम संपल्यावर स्वतःहून पोलिसांच्या हवाली झाले. त्या तुरुंगवासातला काही काळ आपल्या अमरावतीच्या तुरुंगात गेला. लग्न केले नाही. शाळेत राहून गेलेले वाचन तुरुंगात पुरे केले.

१३ एप्रिल १९५४ रोजी ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. कशामुळे झाले, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यांच्या आधी राजाजी मुख्यमंत्री होते. १९५३ मध्ये राजाजींनी प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा दिवस शाळेत बसायचे आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकायचा. राजाजींवर अन्याय नको. त्यांच्यापुढे पैशाचा प्रश्न होता. त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांवर दोन पाळ्यांत दुप्पट मुले बसवता येतील असा त्यांचा हिशेब होता. पण ज्या समाजात बापाचा धंदा जातीने ठरतो तिथे या योजनेचा अर्थ काय होणार, हे ताडीवाल्याच्या आणि चांभाराच्या मुलाला सांगायला नको होते. गदारोळ झाला आणि राजाजी गेले. कामराजांनी आल्याआल्या ती योजना रद्द केली. नेतेपदाच्या लढतीत त्यांच्या विरोधात उभे असलेले सी. सुब्रमण्यम आणि त्यांची बाजू घेणारे भक्तवत्सलम या दोघांनाही त्यांनी आपल्या आठ जणांच्या मंत्रिमंडळात घेतले. अर्थ आणि शिक्षण ही दोन्ही खाती सुब्रमण्यम यांच्याकडे राहिली. देवस्थानांचे खाते दलित समाजातल्या परमेश्वरन यांच्याकडे दिले. ज्यांच्या जातभाईंना देवळात जायला कालपर्यंत बंदी होती त्यांच्या हाती देवळांचा कारभार आला.

योजना रद्द करणे सोपे होते. राजाजींचा प्रश्न मात्र तसाच उरला होता. पैसे कमी, मुले पुष्कळ, आणि शाळा उघडली तरी मुले येत नव्हती. कामराज जिल्ह्यांतून सारखे हिंडत. एका दौऱ्यात रेल्वेच्या फाटकापाशी गाडी थांबली, तिथे गुरे राखणारा एक पोरगा दिसला. शाळेत का जात नाहीस, असे विचारल्यावर त्याने उलट विचारले की शाळेत गेलो तर खायला तुम्ही देणार का. तमिळनाडूत ही गोष्ट लहान मुलेदेखील सांगतात, आणि सांगणाऱ्यागणिक फाटकाचे गाव बदलते. मला तो पोरगा पाहिल्यासारखा वाटतो. त्याच्या चड्डीच्या खिशात सुकडी होती.

शाळेत जेवण ही कल्पना काही कामराजांची नव्हे. मद्रास महापालिकेत जस्टिस पक्षाच्या त्यागराय चेट्टींनी १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत दर मुलामागे रोजी एक आण्यापर्यंत खर्च करून जेवण सुरू केले होते. प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून असला खर्च करता येणार नाही, असा हिशेबी आक्षेप वरून आला आणि १९२५ मध्ये ते बंद पडले. एका शहरातल्या मोजक्या शाळांचे जेवण जर एका शेऱ्याने बंद पडते, तर सबंध राज्याच्या खेड्यांतून ते चालवायचे कसे? १९५६ मध्ये हे काम हाती घेताना कामराजांपुढचा खरा प्रश्न हा होता. अधिकाऱ्यांनी तिजोरी दाखवली. कामराजांनी या कामासाठी आपण गावोगाव भीक मागायलाही तयार आहोत असे सांगितले, आणि सुरुवात सरकारी आदेशाने न करता एट्टयपुरमला, म्हणजे कवी सुब्रमण्य भारतींच्या जन्मगावी, लोकांच्या वर्गणीतून केली. शिक्षण खात्याचे संचालक सुंदरवडिवेलू त्यांच्यासारखेच झपाटलेले होते. हा अधिकारी नसता तर कामराजांची तळमळ फायलीत पडून राहिली असती, असे माझे मत आहे. नोकरीत मी तळमळीचे मंत्री पुष्कळ पाहिले, सुंदरवडिवेलू फार थोडे.

आता हिशेब. नवे पैसे आल्यावर एका जेवणाचा खर्च धरला होता दहा पैसे. त्यातले सहा पैसे सरकारने द्यायचे आणि चार पैसे गावाने. वर्षाला साधारण दोनशे दिवस. म्हणजे एका मुलामागे वर्षाचे वीस रुपये, त्यात सरकारचे बारा. गावाने आपला वाटा रोख दिलाच पाहिजे असे नव्हते. तांदूळ, डाळ, भाजी, सरपण काहीही चाले. सुगीला गाड्या फिरवून धान्य गोळा होई. विरुधुनगरच्या शाळेसाठी घरोघरी निघणारी तांदळाची मूठ कामराजांनी राज्याच्या अंदाजपत्रकात आणून बसवली होती. १९२० च्या जेवणाचा मालक महापालिका होती, म्हणून एका शेऱ्याने ते गेले. इथे चार पैसे गावाचे होते. भात कच्चा राहिला किंवा डाळीत नुसते पाणी आले, तर ज्याने आपल्या खळ्यावरचे धान्य दिले तो शाळेच्या दारात येऊन मास्तरांना जाब विचारणार.

दुसरी गोष्ट म्हणजे हे जेवण शिजवलेले होते आणि शाळेत बसून खायचे होते. मुलापोटी घराला मदत करायची तर ती रोख द्यावी, धान्य द्यावे की ताट वाढावे, हा वाद आजही अर्थशास्त्री घालतात. रोख पैशाचे फायदे मला माहीत आहेत; बँकेत ते रोज पाहिले. बाईला आपल्या गरजेप्रमाणे खर्च करता येतो, औषध आणता येते, सावकाराचे व्याज तोडता येते. पण १९५६ सालच्या मद्रास राज्यात खेड्यात बँक नव्हती, जन्माचा दाखला नव्हता, आणि दारापर्यंत पैसा पोचायचा तर मधे तलाठ्यापासून सावकारापर्यंत पाच हात. ताटाला यातले काहीच लागत नाही. जे मूल दुपारी शाळेत आहे ते जेवते. शिवाय गुराख्याचा मालक जी भाकरी देत होता तिच्याशी शाळेचे जेवण थेट बरोबरी करते. घरचे एक तोंड दुपारपुरते कमी होते आणि मूलही शाळेत राहते. शिवाय सगळी मुले एका ओळीत बसतात. चेरनमहादेवीचा प्रश्न सरकारी पत्रक न काढता ओसरीवर येऊन पडतो. तो सगळीकडे सुटला असे नाही. अनेक गावांत वरच्या जातीच्या मुलांनी डबे घरून आणले.

कागदाचा मुद्दा निघाला म्हणून माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आवडत नाही. तमिळनाडूतून परत आल्यावर मी मराठवाड्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. एका मजूर बाईच्या मुलीला शिष्यवृत्तीचा क्रॉस्ड चेक मिळाला होता. तो वटवायचा तर खाते हवे, खात्याला ओळख देणारा जुना खातेदार हवा, दोन फोटो हवेत, आणि किमान शिल्लक हवी. बाई पहिल्यांदा आली तेव्हा ओळख नव्हती. दुसऱ्यांदा आली तेव्हा फोटो नव्हते. फोटो काढायला तालुक्याला जावे लागे, म्हणजे एक रोज बुडणार. मग ऊसतोडीचा हंगाम लागला आणि मुलीला घेऊन ती कारखान्याकडे निघून गेली. परत आली तेव्हा ओळख होती, फोटो होते, शिल्लक ठेवायचे पैसे पदराच्या गाठीत होते. मी चेक उलटासुलटा करून पाहिला आणि सहा महिने उलटून गेल्याने तो शिळा झाल्याचे तिला सांगितले. शिळा हा शब्द तिला भाकरीच्या संदर्भात माहीत होता. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. नवीन चेक मिळवण्यासाठी अर्ज कुठे करायचा तेही मी नीट समजावून सांगितले, नियमात कुठे चूक केली नाही. मुलगी तोवर शाळेतून निघाली होती.

पहिल्या खेपेलाच मी स्वतः ओळखदार शोधून देऊ शकलो असतो. शाखेतला शिपाई खातेदार होता आणि त्या बाईच्याच वाडीचा होता. मला ते सुचले नाही, किंवा सुचूनही तो माझा प्रश्न वाटला नाही.

कामराजांच्या जेवणात उणिवा होत्या, त्याही सांगायला हव्यात. ते सगळ्या मुलांना नव्हते, गरीब मुलांसाठी होते. त्यामुळे ताट घेणे म्हणजे गरिबी चारचौघांत मान्य करणे. गावाच्या वाट्यावर भिस्त असल्याने ज्या गावात पीक त्या गावात जेवण बरे, आणि कोरडवाहू गावात, जिथे गरज अधिक, तिथे भाताच्या पेजेवर भागे. शाळेच्या वयाखालची मुले बाहेरच राहिली. माझ्या मित्राची धाकटी बहीण या योजनेतही खिशातल्या खाऊचीच वाट पाहत बसली असती. १९६१ पासून केअर या अमेरिकन संस्थेची दूधभुकटी, मक्याचे पीठ आणि तेल येऊ लागले आणि ओढाताण कमी झाली, पण त्याबरोबर गावाची मूठही सैल होत गेली. जेवणाच्या जोडीला गणवेश आले, शाळासुधार परिषदा भरल्या, त्यात गावकऱ्यांनी फळ्यापासून इमारतीपर्यंत काय काय दिले. गरीब मुलांच्या फीचे ओझे टप्प्याटप्प्याने उतरले. खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा असे तिहेरी संरक्षण मिळाले. शिक्षकाच्या मुलाला या शेवटच्या गोष्टीचे मोल सांगायला नको.

त्यांच्या आईची गोष्ट मात्र निराळी. मुख्यमंत्र्याची आई विरुधुनगरच्या त्याच छोट्या घरात राहत होती. मुलगा मद्रासला भाड्याच्या घरात. दरमहा तिला तो ठरावीक, बेताचे पैसे पाठवी. नगरपालिकेने उत्साहाने तिच्या दारात नळ आणून दिला तर मुलाने तो काढायला लावला, असे गावात सांगतात. सार्वजनिक नळावर गल्लीतल्या इतर बाया जातात, तिनेही जावे. ही गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतात. माझ्या आईला मी ती सांगितली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारीच्या कमरेचा विचार कोणी केला होता का, एवढेच तिने विचारले.

२ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. ज्येष्ठांनी सत्ता सोडून पक्षाचे काम करावे या त्यांच्याच योजनेखाली सहा मुख्यमंत्री आणि सहा केंद्रीय मंत्री बाहेर पडले. त्यात मोरारजीभाई होते, स. का. पाटील होते. पुढे काँग्रेसचे अध्यक्षपद, १९६४ मध्ये शास्त्रीजी, १९६६ मध्ये इंदिराबाई. हिंदी येत नाही आणि इंग्रजीही बेताचे, म्हणून त्यांनी स्वतःचे नाव पुढे येऊ दिले नाही.

आणि मग १९६७. दुष्काळ पडला होता, तांदूळ मिळत नव्हता, रेशनच्या दुकानांपुढे रांगा होत्या. द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदूळ हे ध्येय आणि एक माप हे नक्की, अशी घोषणा दिली. हिंदीविरोधी आंदोलनाचा राग होताच. विरुधुनगरने आपल्या कामराजांना पाडले. पाडणारा उमेदवार विद्यार्थी चळवळीतला तरुण होता. राज्यातली काँग्रेसची सत्ताही गेली, ती आजतागायत परत आलेली नाही. शाळेत लाखो मुलांना भात वाढणारा माणूस तांदळावरून हरला, हे वाचताना मला आधी लोकांच्या कृतघ्नतेचा राग आला होता. आता तसे वाटत नाही. मुलाचे दुपारचे ताट घरातल्या चुलीचा सगळा प्रश्न सोडवत नाही. रात्री आईबापांसकट सगळ्यांनाच जेवायचे असते आणि तो तांदूळ बाजारभावाने घ्यावा लागतो. मुलांसाठी मदतीची योजना आखणाऱ्याने मजुरी आणि धान्याचे भाव यांकडे पाठ फिरवली तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते. कामराजांना हे कळत नव्हते असे नाही. पण १९६७ मध्ये ते दिल्लीच्या राजकारणात गुंतले होते आणि चूल मद्रासची होती.

१९६९ मध्ये नागरकोविलची पोटनिवडणूक जिंकून ते लोकसभेत गेले. पक्ष फुटला, ते इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला राहिले. आणीबाणी चालू असताना, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी मद्रासच्या घरी त्यांचे निधन झाले. मागे काही सदरे, चपला, पुस्तके आणि शंभर-सव्वाशे रुपये उरले असे सांगितले जाते. दुसऱ्या वर्षी भारतरत्न देण्यात आले.

जेवणाची गोष्ट मात्र पुढे गेली. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी ते नव्या रूपात, खेड्यातल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी सुरू केले. म्हणजे खिशातल्या सुकडीची वाट पाहणारी धाकटी बहीणही आत आली. या नटानेही लहानपणी उपास काढले होते. तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला मतांचे राजकारण म्हणून झोडपले. १९९५ मध्ये केंद्राने देशभर योजना आणली, पण बहुतेक राज्यांनी शिजवण्याची कटकट नको म्हणून महिन्याला तीन किलो कोरडे धान्य हातावर ठेवले. आपणही तेच केले. ते धान्य घरच्या डब्यात मिसळून जाई. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा आपल्या शाळांत खिचडी आली. तमिळनाडूत २०२२ पासून सकाळचा नाश्ताही मिळू लागला. महाराष्ट्रात २०२३ मध्ये लेक लाडकी आली, २०२४ मध्ये लाडकी बहीण. त्यांच्या रांगा मी बँकेबाहेर निवृत्त माणूस म्हणून पाहिल्या आहेत. आधार, ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला. रांगेत कोणाच्या तरी हातातला कागद अपुरा असतोच.

कोविलपट्टीच्या बाजूची एक सकाळ सांगायची राहिली. तिकडे बँकेचा निम्मा धंदा दागिने तारणाचा. जून महिना, शाळा नुकत्याच उघडलेल्या. एक बाई कुड्या सोडवायला आली होती. गेल्या वर्षी मुलाच्या पुस्तकांसाठी ठेवल्या होत्या, आता मुद्दल आणि व्याज मोजून रुमालात बांधून आणले होते. माझा कारकून रजेवर, सराफ अजून आलेला नव्हता, त्याच्याशिवाय पाकीट फोडता येत नाही. मी तिला बसायला सांगितले. ती बसेना. दर दोन मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघे. शेवटी शिपायाने मला सांगितले की सार, ही शाळेत स्वयंपाक करते, विधवा आहे, साडेबाराला घंटा होते आणि हिने तांदूळ अजून चुलीवर चढवलेला नाही. मी सराफाला बोलवायला शिपायाची सायकल पिटाळली. अकराच्या आत कुड्या तिच्या हातात पडल्या. तिने त्या तिथेच, काउंटरच्या काचेत बघून, एका पाठोपाठ एक कानात घातल्या, पावतीवर अंगठा उठवला आणि अनवाणी, भराभर शाळेच्या दिशेने निघाली.